शंभरांतले पंच्याऐंशी

नागपंचमी जवळ आली की साप दूध पीत नाही, त्याला दूध पाजू नका, असे सांगणारा मजकूर वर्तमानपत्रांत दिसू लागतो. तो छापायलाच हवा. गारुड्याच्या टोपलीपुढे अजूनही दुधाची वाटी सरकवली जाते आणि तहानेने व्याकूळ केलेला नाग तिच्यात तोंड घालतो. पण सापाचे हाल ही या सणाची एक बाजू. दुसरी बाजू माणसाची आहे आणि ती तिथीपेक्षा हंगामाशी बांधलेली आहे. भातलावणी उरकत आलेली असते, बांधावर गवत माजलेले असते, बिळांत पाणी शिरलेले असते आणि उंदरामागोमाग साप कणगीपाशी, जळणाच्या ढिगात, पडवीत येऊन बसतो. देशात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. याच दिवसांत 20 ऑगस्टही येतो. 2013 साली त्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. आता तो दिवस राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी व्याख्याने होतात, चमत्कारांमागची हातचलाखी उघड करून दाखवली जाते आणि टाळ्या मिळतात. आम्हाला मात्र या निमित्ताने एका साध्या प्रश्नाकडे वळायचे आहे: डोळ्यांनी बघणारी, व्यवहारात चोख असणारी माणसे साप चावल्यावर मांत्रिकाकडे का जातात?

‘अडाणी आहेत म्हणून’ हे उत्तर शहरात सहज दिले जाते. ते खोटे आहे, शिवाय आळशी आहे. ज्या शेतकऱ्याला बियाण्याच्या दोन वाणांतला फरक एका हंगामात कळतो, त्याला विष उतरले की नाही हे कळत नाही असे कसे म्हणायचे? माणसे मांत्रिकाकडे जातात, कारण त्यांनी तिथून माणसे बरी होऊन परतलेली पाहिली आहेत. शेजारचा तात्या गेला होता, चालत घरी आला. मावशीच्या सुनेला पान लागले होते, भगताने रात्रभर बसवून ठेवले, सकाळी ती चहा प्यायली. या गोष्टी रचलेल्या नसतात. माणसे खरोखरच बरी झालेली असतात. कशामुळे, एवढेच तपासायचे राहून गेलेले असते.

हिशेब सोपा आहे. सर्पदंशावरच्या आपल्याकडील उपचार-मार्गदर्शिकेत एक वाक्य आहे. ते रुग्णाला धीर देण्यासाठी लिहिलेले आहे. शंभर दंशांपैकी सुमारे 70 बिनविषारी सापांचे असतात. धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी यांतले कुणीतरी चावलेले असते. उरलेल्या 30 दंशांत साप विषारी असला तरी सुमारे निम्म्या वेळा तो विष सोडतच नाही किंवा नगण्य सोडतो. विष हे त्याचे भक्ष्य मारण्याचे साधन आहे. पायाखाली आल्यावर भ्यायलेल्या सापाने घेतलेला चावा पुष्कळदा कोराच असतो. म्हणजे 15 वजा झाले. शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांना मंत्र म्हटला तरी काही होणार नव्हते आणि न म्हटला तरी काही होणार नव्हते. दंशानंतर नुसते अंगणात बसून राहणाऱ्याच्या यशाचा आकडासुद्धा शेकडा 85 आहे. जगातल्या कोणत्याही निष्णात डॉक्टरला हेवा वाटावा असा हा आकडा मांत्रिकाच्या पदरात फुकट पडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली तर आपण योगायोग म्हणतो. शंभरांत पंच्याऐंशी वेळा पडली तर कुणीही कावळ्याच्या पाया पडेल.

उरलेले 15 जण हा सगळा प्रश्न आहे. त्यांना नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष भिनलेले असते आणि त्यांच्यासाठी गेलेला प्रत्येक तास जिवाशी असतो. पण दंश झाला त्या क्षणी आपण पंच्याऐंशींतले की पंधरांतले हे कुणालाच ठाऊक नसते. मांत्रिकाला नसते, तसे डॉक्टरलाही नसते. डॉक्टर ते शोधू लागतो आणि मांत्रिकाला शोधायची गरज वाटत नाही. सगळा फरक इथून सुरू होतो.

एकदा हे गणित डोक्यात बसले की ते साप सोडून भलतीकडेच दिसू लागते. कावीळ उतरवणारे घ्या. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून नाकात रस पिळणारा आणि चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ‘पिवळे काढणारा’, दोघांचीही चलती असते. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर दिली जाणारी गावठी औषधे घ्या. चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात, म्हणून औषध ‘लागू पडते’. जो कुत्रा खरोखर पिसाळलेला असतो त्याने चावलेला माणूस, वेळेत लस न घेतल्यास आणि लक्षणे दिसू लागल्यावर, जवळपास नक्की जातो. तेव्हा त्याचे नशीब काढले जाते. शिकलेल्यांनी इथे हसू नये. डेंगीत प्लेटलेट साधारण ज्या दिवसांत आपोआप वाढू लागतात, नेमक्या त्याच दिवसांत पपईच्या पानांचा रस घराघरांत वाटला जातो आणि श्रेय रसाला मिळते. साध्या विषाणूच्या तापाला ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावू’ म्हणणारा पदवीधर डॉक्टर आणि चौथ्या दिवशी ताप उतरल्यावर त्याला दुवा देणारा रुग्ण यांच्यातला व्यवहार भगताच्या अंगणातल्या व्यवहारापेक्षा फार वेगळा नाही. छद्मविज्ञान भगव्या फडक्यातच बांधलेले असते असे नाही. कधी ते पांढऱ्या कोटाच्या खिशातही असते.

मग ओळखायचे कसे? भाषेवरून ओळखता येत नाही, कारण आता मांत्रिकही ‘ऊर्जा’ आणि ‘कंपन’ हे शब्द वापरतो. साधनांवरूनही येत नाही. त्यासाठी दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहू. दोन्ही इतक्या साध्या आहेत की त्यांना ना वीज लागते ना यंत्र.

पहिली चाचणी महाराष्ट्रात सर्वदूर चालते. साप चावलेल्या माणसाला कडुलिंबाचा पाला खायला देतात. कडू लागला नाही तर विष चढले आहे, मंत्र सुरू. कडू लागला की विष उतरले. कुठे मिरची चावायला देतात, तत्त्व तेच. दुसरी चाचणी ग्रामीण रुग्णालयात होते. रुग्णाच्या शिरेतून 2 मिलिलिटर रक्त काढून काचेच्या परीक्षानळीत घालतात आणि नळी 20 मिनिटे हलवायची नाही. मग एकदाच ती तिरपी करायची. रक्त दह्यासारखे धरले तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती गेली आहे आणि प्रतिविष ताबडतोब सुरू करायचे.

बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतील. दोन्हीत कुणीतरी काहीतरी करतो, थांबतो आणि निर्णय देतो. पण दुसऱ्या चाचणीबरोबर तिची स्वतःची उणीदुणी लिहिलेली असतात. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालणार नाही, कारण प्लास्टिकला लागून निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही. नळी नवी आणि कोरडी हवी. साबणाने धुतलेली असली तर निकाल फसवा येतो. रक्त गोठले म्हणून निर्धास्त होऊ नका, पुन्हा पुन्हा चाचणी करा, कारण विष सावकाश भिनत असू शकते. आणि नाग किंवा मण्यार चावली असेल तर ही चाचणी काहीच सांगणार नाही. त्यासाठी पापण्या, मान, गिळणे आणि श्वास यांच्याकडे पाहा. या सूचना कुणीतरी चुकल्यानंतर लिहिल्या गेलेल्या आहेत. पाल्याच्या चाचणीला अशी एकही तळटीप नाही. पाला कडू लागला आणि माणूस तरीही गेला, तर तळटीप वाढत नाही. तेव्हा ‘उशिरा आणले’, ‘बाईचा विटाळ झाला’, ‘वाटेत मागे वळून पाहिले’ असे सांगितले जाते. दोष पाल्याचा कधीच नसतो.

कोंबडीचा प्रकार याहून बोलका आहे. दंशाच्या जागी कोंबडीच्या पिलाचे गुदद्वार दाबून धरतात. पिलू थोड्या वेळाने मान टाकते. ‘विष ओढले’ म्हणून ते बाजूला टाकून दुसरे घेतात. अशी पिले एकामागून एक मरत जातात आणि जे जगेल तिथे विष संपले असे समजतात. हे पाहणाऱ्याची खात्री न पटली तरच नवल. समोर पुरावा मरून पडलेला असतो. पण मुठीत आवळून धरलेले पिलू गुदमरूनही मरते. ते विषानेच मेले हे म्हणायचे असेल तर साप न चावलेल्या धडधाकट माणसाच्या पायाला तेवढीच पिले, तेवढाच वेळ, त्याच हातांनी लावून पाहावी लागतील. हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. पिलांचे पैसे लागतात आणि आपण चुकत असू शकतो अशी शंका लागते. पहिली गोष्ट गावात कुणाकडेही असते.

ही शंका ज्याच्याकडे होती अशा एका माणसाची गोष्ट महाराष्ट्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे, पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लहानखुरा लाल विंचू मोठ्या काळ्या विंचवाइतका भेसूर दिसत नाही, पण तो माणसे मारतो, विशेषतः मुले. त्या काळी विंचू उतरवणारेही गावोगाव होते आणि पुष्कळदा ‘यशस्वी’ होत होते, कारण पुष्कळ दंश नुसते ठणकण्यावरच निभावतात. दवाखान्यात ठरावीक इंजेक्शने दिली जात, तरीही गंभीर रुग्ण शेकड्यामागे 25-30 या प्रमाणात जात. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून लिहीत राहिले. घामाने निथळणारे अंग, थंडगार हातपाय, उलट्या, वर-खाली होणारा रक्तदाब, शेवटी छातीत पाणी आणि तोंडाला फेस. विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक स्रावांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाला टेकीस येते आणि फुप्फुसे भरतात, हे चित्र त्यातून स्पष्ट होत गेले. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन, त्यांनी वापरून पाहिली. मृत्यू शेकड्यामागे एकाच्या आसपास आले. लॅन्सेटमध्ये 1982 आणि 1986 साली महाडच्या पत्त्यावरून शोधनिबंध छापून आले. दुसऱ्यात पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर सहलेखिका होत्या. 2022 साली पद्मश्री मिळाली.

आता उत्तरार्ध. पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झाले. ज्या गोळीने आपले नाव जगभर नेले, तिच्यापुढे हे नवे औषध उभे राहिले तर माणूस काय करतो? बहुतेक जण जुन्याची तरफदारी करतात. बावस्कर दांपत्याने 70 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, 35 आणि 35. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनबरोबर प्रतिविष. दहा तासांनंतर पहिल्या गटातले 8 जण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्या गटातले 32. हे त्यांनी 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्वतःच्या नावाने छापले. आपल्या आयुष्यभराच्या औषधाला त्यांनी जोडीदार लागतो हे स्वतः मोजून दाखवले. आम्हाला विज्ञान कशाला म्हणायचे असा प्रश्न कुणी विचारला तर आम्ही शोध लावणाऱ्या 1986च्या निबंधाआधी हा 2011चा निबंध दाखवू.

वैद्यकाचा सगळा इतिहास असा उजळ नाही, हेही लगेच सांगायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉडर ब्रंटन आणि लेनर्ड रॉजर्स या नामांकित ब्रिटिश वैद्यांनी सर्पदंशावर उपाय म्हणून दंशाच्या जागी चीर पाडून पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक चोळण्याची शिफारस केली. त्यासाठी लाकडी मुठीची छोटी सुरी तयार झाली. मुठीतच स्फटिक ठेवायची सोय होती. हिंदुस्थानात ती वाटलीही गेली. नळीत विष आणि परमँगनेट मिसळले तर विष निकामी होते, हे खरे होते. पण मांसात शिरलेल्या विषापर्यंत स्फटिक पोचत नव्हते. जखमा मात्र चिघळत होत्या. ते मागे पडले. ‘करकचून दोरी बांधा, पात्याने चीर द्या, तोंडाने विष ओढा’ हे तर आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीने शाळेत प्रथमोपचार म्हणून पाठ केले आहे. आज तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. दोरीने पाय काळा पडून कापावा लागतो. ती एकदम सोडली तर अडलेले विष लोंढ्याने पुढे सरकते. म्हणून आता दोरी बांधून आलेला रुग्ण असेल तर सगळी तयारी झाल्याशिवाय ती सोडू नये असे सांगतात. आता सांगतात ते एवढेच: धीर द्या, दंश झालेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा न हलवता ठेवा, अंगठ्या-पैंजण काढा, आणि थेट दवाखाना. डॉक्टरी शास्त्रानेही चुकीचे शिकवले होते, असे कुणी म्हटले तर ते मान्य करावे. शिकवले, मोजले, चुकले म्हणून पुसले.

प्रतिविषाचेही तेच. घोड्याला थोडे थोडे विष टोचत न्यायचे, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये काढून शुद्ध करायची, ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची युक्ती. परळच्या हाफकिनने ती महाराष्ट्राच्या ओळखीची केली. कुपीवर लिहिलेले असते ते वाचावे: 1 मिलिलिटर औषध नागाचे 0.6 मिलिग्रॅम, घोणशीचे 0.6, मण्यारीचे 0.45 आणि फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निकामी करते. विष भिनल्याची खूण दिसली की सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या. यात एक बारकावा आहे, तो पुष्कळ पालकांना चुकीचा वाटतो आणि काही डॉक्टरांनाही अवघड जातो. चार वर्षांच्या मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या द्यायच्या. औषध मुलाच्या वजनाशी नाही, सापाने सोडलेल्या विषाशी लढते, आणि समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही.

या औषधाच्या उणिवाही उघड्यावर आहेत. त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, म्हणून ते सगळीकडे सारखे लागू पडेलच असे नाही. काही रुग्णांना त्याची तीव्र रिॲक्शन येते. अॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज शेजारी ठेवूनच ते सुरू करावे लागते. मण्यारीच्या बाबतीत तर ते एकटे पुरत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात बाहेरचे काही झाले. मग श्वासाचे स्नायू थांबतात. बुबुळे हलत नाहीत, हाक ऐकून प्रतिसाद नाही. बघणारा म्हणेल, गेला. पण तो ऐकत असतो. फुग्याने किंवा यंत्राने त्याला श्वास देत राहिले तर काही दिवसांनी तो पुन्हा पापणी उचलतो. साप चावून मेलेला माणूस उठून बसला, अशा लोककथा कशावरून आल्या असतील याचा अंदाज अतिदक्षता विभागातल्या कोणत्याही नर्सला करता येईल.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे, माणसे मांत्रिकाकडे का जातात. समजा रात्रीचे दोन वाजले आहेत आणि साप चावला आहे. भगत वाडीतच राहतो. तो कागद मागत नाही, रांगेत उभे करत नाही, ‘इथे सोय नाही, पुढे न्या’ म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, अशा चिठ्ठ्या जमवत फिरणाऱ्या नातेवाइकांना कुणी विज्ञान शिकवू नये. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या संस्थेने आदिवासींशी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांशी, दोघांशीही बोलून अभ्यास केला, तो म्हणून महत्त्वाचा. लोकांमध्ये चिंचोका किंवा लोहचुंबक विष ओढतो अशा समजुती आढळल्या. पण डॉक्टरांमध्येही सर्पदंशाच्या उपचारांबाबत ज्ञानाच्या त्रुटी आढळल्या. एमबीबीएसच्या वर्षांत सर्पदंशाचा रुग्ण हाताळायला किती जणांना मिळतो, हे डॉक्टरांनीच आठवून पाहावे. रिॲक्शनच्या धास्तीने कुपी कपाटात ठेवून रुग्णाला पुढे पाठवणारा वैद्यकीय अधिकारी आणि मंत्र म्हणत वेळ काढणारा भगत, पंधरांतल्या त्या एकासाठी सारखेच.

कायद्याकडे बोट दाखवणे सोपे. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्येच महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायदा हवाच होता. पण त्यात ‘रोखून’ हा शब्द आहे, आणि हुशार भगत कुणाला रोखत नाही. तो म्हणतो, ‘न्या की दवाखान्यात, फक्त एवढा पाला खाऊन जाऊ द्या.’ त्या पाल्यात एक तास जातो. कायद्याला तो तास पकडता येत नाही.

तो पकडता येईल तो नोंदीने, आणि नोंदीच्या बाबतीत सरकारचा इतिहास मांत्रिकापेक्षा फार निराळा नव्हता. 2011 साली ‘मिलियन डेथ स्टडी’च्या आधारे देशात 2005 या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे 45,900 माणसे गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या सरकारी आकडेवारीपेक्षा तो 30 पटींहून अधिक होता. हा फरक आला कुठून? या अभ्यासात रुग्णालयाचे रजिस्टर उघडले नव्हते. घरोघरी जाऊन विचारले होते, कोण गेले, कसे गेले, शेवटच्या दिवशी काय काय झाले. ते लिहून घेऊन दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचले आणि मृत्यूचे कारण ठरवले. चारांतले जवळपास तीन मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते, म्हणून रुग्णालयाच्या दप्तरात ते नव्हतेच. पुढे 2020च्या निबंधाने 2000 ते 2019 या काळातला आकडा सुमारे 12 लाखांवर नेला, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. या माणसांना न मोजता ‘आमच्याकडे मृत्युदर कमी आहे’ म्हणणारे रुग्णालयही, आपल्यापर्यंत न पोचलेल्यांना वगळूनच यश सांगते. भगताचाही हिशेब असाच असतो.

2024 साली केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात ठरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा सक्तीने कळवण्याचा आजार करा असे लिहिले. परिपत्रक तालुक्यापर्यंत पोचेल. वाडीपर्यंत काय पोचते ते पाहायचे. 15 ऑगस्टला ग्रामसभा भरते, नागपंचमीच्या आगेमागेच. झेंडावंदन, ठराव, हजेरी होते. त्या सभेत आशाताईंनी एक कागद वाचून दाखवावा एवढीच आमची मागणी आहे: गेल्या वर्षात गावात किती जणांना दंश झाला, दवाखान्यात किती जण पोचले आणि दंशानंतर किती तासांनी, केंद्रात त्या वेळी कुप्या होत्या का आणि दिल्या का, पुढे किती जणांना पाठवले, आणि जे गेले ते आधी कुणाच्या दारात थांबले होते. वैद्यकीय अधिकाऱ्याने समोर बसून ऐकावे. भगतालाही बोलावणे धाडावे. त्याने शंभरांतले पंच्याऐंशी खुशाल आपल्या नावावर मांडावेत, फक्त उरलेल्या पंधरांची नावेही त्याच कागदावर असावीत.